डोळे, कान, नाक, घसा: मेडिकल शब्द पाठ करायला बसायच्या आधी हा क्रम बघून घ्या

नर्सिंग असो, ऑप्टोमेट्री असो, मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना ठरलेले कोड टाकायचं काम) असो नाहीतर हॉस्पिटलच्या रिसेप्शनचं काम असो, कोर्स सुरू झाला की पहिल्या महिन्यात सगळे एकच करतात. बर्डीवर जाऊन टर्मिनॉलॉजीचं एक जाडजूड पुस्तक आणतात आणि 'ए' पासून घोकायला बसतात. मी नागपुरात संध्याकाळच्या बॅचला हेच शिकवते आणि दर बॅचला तेच दिसते, पोरीपोरं मेहनत भरपूर करून राहिले, दिवसाला पन्नास-पन्नास शब्द पाठ, पण तिसऱ्या आठवड्यात 'मिरिंगो' म्हणजे काय विचारलं तर कोणी घसा म्हणतो, कोणी मेंदू. (ते कानाचा पडदा आहे.)

मला वाटते घोळ क्रमाचा आहे. आधी शॉर्टफॉर्म, मग शब्द, मग अर्थ आणि सगळ्यात शेवटी शरीर, असं उलटं शिकतात. खाली जो क्रम दिलाय तो मी बऱ्याच बॅचवर वापरलाय, मराठी मीडियमच्या मुलांना तर जास्तच चालतो, कारण अर्धं काम आपल्या रोजच्या मराठीतूनच होते. साधारण महिनाभर लागतो, रोज ४० मिनिटं.

तयारी: हे आधी जमवा

एक कोरी वही घ्या, रेघा नसलेली, कारण चित्रं काढायची आहेत. घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतील ना, त्यांची मागची कोरी बाजू कार्डांसाठी एकदम मस्त असते, एकीचे चार तुकडे करा. लाल आणि निळा असे दोन पेन, आणि हे नुसतं सजवायला नाही बरं, आजपासून उजवं ते लाल आणि डावं ते निळं. ऐकू येण्याच्या तपासणीचा जो ग्राफ असतो, ऑडिओग्राम, त्यात उजवा कान लाल गोलानं आणि डावा निळ्या फुलीनं दाखवायची पद्धत आहे, तर ती सवय आत्ताच लागू द्या. शिवाय एक आरसा आणि मोबाइलचा टॉर्च, स्वतःचा घसा बघायला.

रेडिमेड कार्डांचं ॲप आत्ता नको. कार्ड हातानं लिहिलं की स्पेलिंग बोटात बसते, ॲपवर नुसतं डोळ्याखालून जाते. महिन्यानंतर रिव्हिजनला वापरा खुशाल.

टप्पा १: आधी रस्ता, शब्द नंतर

पहिले चार दिवस एकही रोगाचं नाव वाचायचं नाही. फक्त चित्र काढायचं, आणि ते रस्त्यासारखं काढायचं, म्हणजे बाहेरून आत जाताना काय-काय लागते.

डोळा: पापणी, मग कंजंक्टायव्हा (पांढऱ्या भागावरचं आणि पापणीच्या आतलं पातळ आवरण), समोर काचेसारखा कॉर्निया, त्याच्या मागे आयरिस आणि त्याच्या मधोमध प्युपिल म्हणजे बाहुली, मग लेन्स, मग जेलीसारखा व्हिट्रियस, शेवटी रेटिना आणि तिथून निघणारी ऑप्टिक नर्व्ह. कान: बाहेरची पाळी धरून पिना, मग कॅनल, मग टिंपॅनिक मेम्ब्रेन, त्याच्यामागे तीन हाडं, मॅलियस, इंकस, स्टेप्स (शाळेत आपण हातोडी, ऐरण, रिकीब शिकलो तीच), मग आत शंखासारखी कॉक्लिया आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या. नाक: मधे सेप्टम, दोन्ही बाजूच्या भिंतींवर टर्बिनेट (हाडावरच्या मांसल घड्या), आणि आजूबाजूला सायनसच्या चार जोड्या, फ्रंटल, मॅक्सिलरी, एथमॉइड, स्फिनॉइड. घसा: वरून खाली नेझोफॅरिंक्स, ओरोफॅरिंक्स, लॅरिंगोफॅरिंक्स, आणि तिथून पुढे दोन रस्ते फुटतात, समोर लॅरिंक्स (स्वरयंत्र) आणि श्वासनळी, मागे अन्ननळी.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. हे चारही भाग आतून जोडलेले आहेत. नागपूर मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर ऑरेंज लाइन आणि ॲक्वा लाइन जशा भेटतात ना, तसं नाकाच्या मागे वरती नेझोफॅरिंक्स हे स्टेशन आहे. नाक तिथेच उघडते, कानातून येणारी युस्टेशियन ट्यूब तिथेच उघडते आणि खाली घसा सुरू होतो. डोळ्याची पण एक बारीक लाइन आहे, नेझोलॅक्रिमल डक्ट, ती डोळ्यातलं पाणी थेट नाकात नेते, म्हणूनच रडलं की नाक वाहते. सर्दी झाली की कानात दडा का बसतो, लहान लेकराचे ॲडिनॉइड (नाकाच्या मागे वरती असणाऱ्या टॉन्सिलसारख्या गाठी) वाढले की त्याचा कान का फुटतो, हे या एका चित्रात कळते. आणि पुढे जे लांबलचक शब्द येतात ते या जोडण्यांचेच असतात, चित्र डोक्यात नसेल तर ते नुसते अक्षरांचे डबे वाटतात.

तपासून बघा: कोऱ्या पानावर, न बघता, पाच मिनिटांत चारही रस्ते काढता आले का? आले तरच पुढे. एखादा दिवस जास्त लागला तर लागू द्या.

सावधान: आरशात फक्त बघायचं. पडजीभ दिसेल, टॉन्सिल दिसतील, खालची पापणी हळूच ओढली तर आतला लाल भाग दिसेल. कानात काडी, बड्स, पेनाचं टोपण काहीही घालायचं नाही.

टप्पा २: पेशंट काय बोलते ते लिहून काढा

हा टप्पा पुस्तकात नसतो आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच आहे. ओपीडीत कोणी येऊन म्हणत नाही की मला एपिस्टॅक्सिस झाला. मे महिन्यात नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे गेलं की माणूस रुमाल नाकाला धरून येते आणि म्हणते, घोळणा फुटला जी. तर कार्डाच्या एका बाजूला पेशंटचं वाक्य, दुसऱ्या बाजूला मेडिकल शब्द.

माझ्या वहीतली काही वाक्यं देते. "कानातून पू येऊन राह्यला" हे ओटोरिया. "कानात सूं सूं आवाज येते" हे टिनिटस. "घर फिरल्यासारखं वाटते" हे व्हर्टिगो, आणि इथे नीट ऐका, नुसतं "चक्कर येते" म्हटलं तर ते अशक्तपणाचं पण असू शकते, डोळ्यापुढे अंधारी येणं वेगळं आणि सगळं गोल फिरणं वेगळं, त्यामुळे ऐकून थेट व्हर्टिगो लिहायचं नाही. "घास अटकते" हे डिस्फेजिया, पण "थुका गिळतानी दुखते" हे ओडिनोफेजिया. "एकाचे दोन दिसते" डिप्लोपिया. "उजेड सहन होत नाही" फोटोफोबिया, इथे फोबिया म्हणजे भीती नाही बरं का, उजेडाचा त्रास. "चाळिशी लागली" म्हणजे प्रेसबायोपिया. रातांधळेपणा निक्टॅलोपिया. डोळे आले, कंजंक्टिव्हायटिस. आणि तर्री पोहे खाताना नाक गळते ते, रायनोरिया, हे सांगितलं की पोरं कधीच विसरत नाहीत.

आता यात तीन मराठी शब्द आहेत जे सगळ्यांना फसवतात, ते लाल पेननं वेगळे लिहा.

पहिला, पडदा. डोळ्याचा पडदा म्हणजे रेटिना, कानाचा पडदा म्हणजे टिंपॅनिक मेम्ब्रेन, आणि नाकाचा पडदा म्हणजे सेप्टम. "पडदा फाटला" एवढंच ऐकून फॉर्ममध्ये लिहिलं तर गेलं सगळं. डोळ्यातला रेटिना फाटणं किंवा सुटणं ही घाईची गोष्ट असते, त्याच दिवशी दाखवावं लागते.

दुसरा, बुबुळ. गावाकडे समोरच्या काळ्या भागाला सरसकट बुबुळ म्हणतात, त्यात कॉर्निया पण आला, आयरिस पण आला. "बुबुळावर फूल पडलं" म्हणजे बहुतेक वेळा कॉर्नियावरचा पांढरा डाग असतो, पण ते डॉक्टरच बघून लिहितील, तुम्ही नाही.

तिसरा, "नाकाचं हाड वाढलं". याच्या आड सेप्टम वाकडा असू शकते, टर्बिनेट सुजलेलं असू शकते, पॉलिप (आत वाढलेला मऊ मांसल कोंब) पण असू शकते. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा.

मोतीबिंदू आणि काचबिंदू हे तर बाहेरचे लोक रोज उलटसुलट करतात. मोतीबिंदू म्हणजे कॅटरॅक्ट, लेन्स धूसर होते, ऑपरेशन करून नवीन लेन्स टाकली की बहुतेकांना परत दिसते. काचबिंदू म्हणजे ग्लॉकोमा, यात ऑप्टिक नर्व्हचं नुकसान होते, बऱ्याचदा डोळ्यातलं प्रेशर वाढून, आणि जी नजर गेली ती परत येत नाही. हा फरक तोंडपाठ पाहिजे.

टप्पा ३: मुळं शिका, आणि जोडीनं शिका

आता शब्दांची मुळं. पोरं इथे वैतागतात कारण एका अवयवाला दोन-दोन नावं. कारण साधं आहे, एक ग्रीकमधून आलंय, एक लॅटिनमधून. काम चालवायला एक नियम लक्षात ठेवा: अवयवाचं विशेषण बहुधा लॅटिनमधून येते, रोग आणि ऑपरेशन बहुधा ग्रीकमधून. म्हणून नेझल स्प्रे पण रायनायटिस, ऑक्युलर मूव्हमेंट पण ऑप्थॅल्मोस्कोप, ऑरल (ए-यू-आर-ए-एल) म्हणजे कानाचं पण ओटायटिस. टॉन्सिलायटिस, सायनसायटिस, कंजंक्टिव्हायटिस हे या नियमात बसत नाहीत, बसवायला जाऊ पण नका.

जोडीनं कार्ड बनवा. डोळा: ऑप्थॅल्मो आणि ऑक्युलो. पापणी: ब्लेफॅरो. अश्रू: डॅक्रिओ आणि लॅक्रिमो. कॉर्निया: केरॅटो. आयरिस: इरिडो. लेन्स: फॅको, म्हणूनच बाहेर बोर्डावर 'फॅको ऑपरेशन' लिहिलेलं असते. कान: ओटो आणि ऑरि. कानाचा पडदा: टिंपॅनो आणि मिरिंगो, दोन्ही एकच. नाक: रायनो आणि नेझो. वास: ऑस्मिया, तो शेवटी येते, ॲनॉस्मिया म्हणजे वास न येणं, कोविडमध्ये घराघरात झाला होता तो. घसा: फॅरिंगो. स्वरयंत्र: लॅरिंगो. जीभ: ग्लॉसो. आवाज: फोनो, म्हणून घसा बसला की डिस्फोनिया.

एक मजेदार जोडी आहे. डोळ्यातला युव्हिया (आयरिस आणि त्याच्या मागचा रक्तवाहिन्यांचा थर) आणि घशातला युव्ह्युला, म्हणजे पडजीभ. दोन्ही एकाच लॅटिन शब्दापासून, युव्हा म्हणजे द्राक्ष. पडजीभ आरशात बघा, खरंच लटकलेलं छोटं द्राक्ष दिसते. युव्हायटिस डोळ्याचं, युव्ह्युलायटिस घशाचं, एवढा 'ल' सांभाळला की झालं.

दोन मुळं दुहेरी कामाची आहेत, कोडिंगवाल्यांनी खास लक्ष द्या. केरॅटो म्हणजे कॉर्निया, पण कातडीच्या कडक थराला पण हेच, म्हणून केरॅटायटिस डोळ्याचं आणि केरॅटोसिस बहुधा कातडीचं. साल्पिंगो म्हणजे नळी, ती कानाची युस्टेशियन पण असू शकते आणि गर्भाशयाची फॅलोपियन पण. कोणत्या वॉर्डचा कागद आहे ते बघितल्याशिवाय कोड टाकायचा नाही.

दिवसाला दहा मुळं, जास्त नाही. पंधरा केली की रात्री सगळी एकमेकांत मिसळतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

टप्पा ४: शब्द मागून वाचा

शब्द फोडायचा तर शेपटापासून सुरू करा, मग एकदम सुरुवातीला जा, मग मधलं. शेपूट सांगते काय झालंय किंवा काय केलंय, पुढचं सांगते कुठे.

आयटिस म्हणजे दाह. आल्जिया म्हणजे दुखणं, ओटाल्जिया कानदुखी. रिया म्हणजे वाहणं. स्कोपी म्हणजे आत बघणं. प्लास्टी म्हणजे दुरुस्ती, टिंपॅनोप्लास्टी म्हणजे पडद्याची. आणि हे तीन घोळाचे: टॉमी म्हणजे चीर देणं, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, स्टॉमी म्हणजे नवीन तोंड तयार करणं. टॉन्सिलेक्टॉमीत टॉन्सिल काढतात, मिरिंगोटॉमीत पडद्याला चीर देतात, ट्रॅकिओस्टॉमीत श्वासनळीला गळ्यातून तोंड करतात. कन्सेंट फॉर्मवर यातलं एक अक्षर चुकलं तर ऑपरेशनच बदलते, म्हणून हे तीन रोज एकदा म्हणायचे.

आता मोठा शब्द घ्या, डॅक्रिओसिस्टोरायनोस्टॉमी. बघूनच घाम फुटते. पण मागून: स्टॉमी, नवीन तोंड. सुरुवात: डॅक्रिओसिस्टो, अश्रूंची पिशवी. मधे: रायनो, नाक. म्हणजे अश्रूंची पिशवी आणि नाक यांच्यामधे नवीन वाट करणं, कारण जुनी नळी बंद पडली आणि डोळ्यातून सारखं पाणी गळते. टप्पा एकमधलं चित्र आठवा, ती बारीक लाइन. चित्र काढलं असेल तर हा शब्द पाठ करावाच लागत नाही. डॉक्टर याला नुसतं डीसीआर म्हणतात.

२०२१ मध्ये दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडे म्युकरमायकोसिसचे किती पेशंट होते आठवते ना, कागदांवर लिहून यायचं रायनो-ऑर्बिटो-सेरेब्रल. नाक, डोळ्याची खोबण, मेंदू. बुरशी ज्या रस्त्यानं गेली तो रस्ता त्या नावातच लिहिलेला आहे.

तपासून बघा: ब्लेफॅरोप्लास्टी, ओटोस्कोपी, फॅरिंगायटिस, लॅरिंगेक्टॉमी, इरिडोटॉमी. पाचही शब्द पुस्तक न उघडता फोडता आले पाहिजेत.

सावधान: शेपूट प्रत्येक वेळी खरं बोलत नाही. ओमा म्हणजे गाठ शिकवतात, पण ग्लॉकोमा गाठ नाही, ट्रॅकोमा (डोळ्याचा एक संसर्ग) गाठ नाही, आणि कानातला कोलेस्टिॲटोमा हा पण कॅन्सरची गाठ नाही, तो चुकीच्या जागी साठत गेलेला कातडीचा थर असते, पण हाडं पोखरते म्हणून हलक्यात घ्यायचा नाही. पेशंटच्या घरच्यांसमोर "ओमा म्हणजे ट्यूमर" असं बोलून ठेवलं तर त्यांची काय हालत होईल विचार करा. आणि टिनिटस 'आयटिस' नाही, त्याचं स्पेलिंग शेवटी यू-एस आहे, दाहाशी संबंध नाही.

टप्पा ५: सारखे वाटणारे शब्द समोरासमोर ठेवा

हे शब्द वेगवेगळ्या दिवशी शिकले की पक्का घोळ. एकाच कार्डावर, दोन रंगात, समोरासमोर.

पहिली जोडी माझ्या अंगावर आलेली आहे. ट्रेनिंगच्या दिवसांत मला सांगितलं, तीन नंबर बेडच्या ऑरल टॉयलेटची तयारी ठेव. मी तोंड स्वच्छ करायचा ट्रे लावला, माउथवॉश, गॉज सगळं. सिस्टर वेळेवर आल्या आणि म्हणाल्या, अगं कान साफ करायचाय, सक्शन लाव. तोंडाचं ते ओ-आर-ए-एल आणि कानाचं ते ए-यू-आर-ए-एल, ऐकायला दोन्ही जवळपास एकच. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते आणि मुलांना पण पाळायला लावते, हा शब्द ऐकला की परत विचारायचं, "कान की तोंड?" विचारण्यात काहीच कमीपणा नाही, पेशंटला पाच मिनिटं उशीर झाला तरी चालते.

मग ऑप्टिक आणि ओटिक. ड्रॉप्सच्या बाटल्या दिसायला सारख्याच, एकीवर ऑप्थॅल्मिक किंवा आय लिहिलेलं, दुसरीवर ओटिक किंवा इयर. कानाचे ड्रॉप डोळ्यात कधीच जाता कामा नये, डोळ्याचे ड्रॉप निर्जंतुक बनवावे लागतात, कानाच्या औषधाला तो नियम नसते आणि त्यात डोळ्याला झोंबणारं काहीही असू शकते. बाटली हातात घेतल्यावर एकदा, झाकण काढायच्या आधी एकदा, असं दोनदा वाचा.

डिस्फेजिया गिळायला त्रास, डिस्फेशिया बोलायला-समजायला त्रास (हा मेंदूचा मामला), डिस्फोनिया आवाजाचा त्रास. तिघंही 'डिस्फ' नं सुरू होतात. फेज म्हणजे खाणं, फोन म्हणजे आवाज, फोनवर आपण आवाजच ऐकतो, इतकं लक्षात ठेवलं तरी दोन सुटतात.

ओटो आणि ऑटो. ओटो कान, ऑटो स्वतः. ऑटोइम्यून मध्ये कानाचं काही नाही. मराठीत नोट्स काढताना दोन्हीला 'ऑटो' लिहिता आणि मग स्वतःच गोंधळता, तर कानाचा तो नेहमी 'ओ' नं लिहा.

स्पेलिंगचं थोडक्यात. ऑप्थॅल्मॉलॉजीत पी नंतर एच आहे, टी नंतर पण एच आहे, आणि एम च्या आधी एल आहे, हे तीनही गाळतात. लॅरिंक्स आणि फॅरिंक्समध्ये आर नंतर वाय, मग एन, मग एक्स. लोक एन आधी टाकतात. पुढे काही जोडलं की एक्स जाऊन जी येते, लॅरिंजायटिस. टॉन्सिलला शेवटी एक एल, टॉन्सिलायटिसमध्ये दोन. रायनोरिया, ओटोरिया यात मधे दोन आर आणि मग एच. टोसिस (पापणी खाली लोंबणं) आणि टेरिजियम (डोळ्यात मांस वाढणं) हे दोन्ही न बोलल्या जाणाऱ्या पी नं सुरू होतात, कॉम्प्युटरवर 'टी' खाली शोधत बसलात तर सापडणार नाहीत.

टप्पा ६: शॉर्टफॉर्म, आणि ते सगळ्यात शेवटी

शॉर्टफॉर्म आधी शिकायचे नाहीत म्हणून मी बॅचला पहिल्या दिवसापासून टोकते, आणि तरी सगळे तेच आधी पाठ करतात कारण ते छोटे असतात. एकच शॉर्टफॉर्म टेबल बदललं की अर्थ बदलते.

डीएनएस बघा. ईएनटी ओपीडीत तो वाकडा सेप्टम, डेव्हिएटेड नेझल सेप्टम. वॉर्डात तोच डेक्स्ट्रोज नॉर्मल सलाइन, म्हणजे सलाइनची बाटली. एसी घ्या, डोळ्यात अँटीरियर चेंबर, कानाच्या तपासणीत एअर कंडक्शन, औषधाच्या चिठ्ठीवर जेवणाच्या आधी. ईटी म्हणजे युस्टेशियन ट्यूब की श्वासासाठी टाकलेली एंडोट्रॅकियल ट्यूब? कोणाच्या टेबलावरचा कागद आहे ते आधी बघा.

आणि सगळ्यात धोक्याचा ओडी. लॅटिनमध्ये ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. ओएस डावा, ओयू दोन्ही. कानासाठी एडी उजवा, एएस डावा, एयू दोन्ही. आता आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा! डोळ्याच्या ड्रॉपपुढे ओडी लिहिलं असेल तर उजव्या डोळ्यात की दिवसातून एकदा? आणि घाईत लिहिलेला ओ आणि ए पण सारखेच दिसतात, म्हणजे डोळा आणि कान यातच घोळ. म्हणून हे सहाही वाचता आले पाहिजेत पण स्वतः लिहायचे नाहीत. तुम्ही 'राइट आय', 'लेफ्ट इयर' असं पूर्ण लिहा, अगदीच जागा नसेल तर डोळ्यासाठी आरई, एलई.

उजव्या-डाव्याची अजून एक चूक. केस पेपरवर डोळ्यांचं किंवा कानांचं चित्र असते ते पेशंट आपल्यासमोर बसल्यासारखं असते. म्हणजे पेशंटचा उजवा डोळा कागदावर आपल्या डाव्या हाताला. सुरुवातीला प्रत्येक चित्रावर लाल-निळी खूण करा, महिन्याभरात डोळा बसते.

तपासून बघा: रिने टेस्ट (ट्यूनिंग फोर्क वाजवून करायची ऐकण्याची तपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं की वाईट? पॉझिटिव्ह म्हणजे हवेतून आवाज हाडापेक्षा जास्त ऐकू येते, नॉर्मल कानात असंच असते. "पॉझिटिव्ह म्हणजे काहीतरी निघालं" ही रक्त तपासणीची सवय इथे लावली की उलटा अर्थ निघतो.

टप्पा ७: केस पेपर वाचायला घ्या

आता कुठे खरा सराव. एक बनवलेला कागद देते, मी बॅचला हाच पहिला देते.

"स्त्री, ३४. लेफ्ट ओटोरिया सहा महिन्यांपासून, ऐकायला कमी. ओटोस्कोपी: लेफ्ट टीएम पर्फोरेशन. रिने: राइट पॉझिटिव्ह, लेफ्ट निगेटिव्ह. वेबर: लॅटरलाइज्ड टू लेफ्ट. इम्प्रेशन: लेफ्ट सीएसओएम. ॲडव्हाइस: पीटीए, मग टिंपॅनोप्लास्टी."

हे साध्या मराठीत लिहायचं, घरी आईला सांगतो तसं. डाव्या कानातून सहा महिन्यांपासून पू येते आणि कमी ऐकू येते, आत बघितलं तर डाव्या पडद्याला भोक आहे, उजवा कान ठीक, डाव्यात हवेतून येणारा आवाज नीट पोचत नाही, कपाळावर फोर्क ठेवला तर आवाज डावीकडे जास्त वाटते, म्हणजे आवाज आत पोचण्याच्या वाटेत अडचण आहे, मधल्या कानाचा जुना पू होणारा आजार आहे (सीएसओएम, क्रॉनिक सपुरेटिव्ह ओटायटिस मीडिया), आधी ऐकण्याची तपासणी (पीटीए, प्युअर टोन ऑडिओमेट्री) करायची आणि मग पडद्याची दुरुस्ती. वेबरपाशी (कपाळावर फोर्क ठेवायची ती तपासणी) बहुतेक जण अडकतात, त्यांना वाटते आवाज डावीकडे जास्त म्हणजे डावा कान चांगला. वाटेतली अडचण असली तर आवाज खराब कानाकडेच जाते, आतली नस कमजोर असली तर चांगल्या कानाकडे. आत्ताच स्वतःवर करून बघा, एका कानावर तळहात नीट दाबून धरा आणि 'म्म्म' असा आवाज काढा, बंद केलेल्या कानात जास्त घुमेल.

असे दिवसाला दोन कागद, एक कान-नाक-घशाचा, एक डोळ्याचा. मराठीत लिहून झालं की दुसऱ्या दिवशी मूळ कागद झाकायचा आणि आपल्या मराठीवरून परत मेडिकल भाषेत लिहायचा. जिथे अडलात तिथलं कार्ड वर काढायचं. डोळ्याच्या कागदावर पहिले नजर बघा, ६/६ म्हणजे ठीक, ६/६० म्हणजे नॉर्मल माणसाला जे ६० मीटरवरून दिसते ते याला ६ मीटरवर यावं लागते, मग डोळ्यातलं प्रेशर (१० ते २१ mmHg च्या आत साधारण नॉर्मल धरतात), मग पुढून मागे त्याच क्रमानं, पापणी, कॉर्निया, चेंबर, लेन्स, रेटिना. डॉक्टर पण त्याच क्रमानं लिहितात, म्हणून तर पहिल्या टप्प्यात रस्ता काढायला लावला.

सावधान: सरावासाठी खऱ्या पेशंटच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. नाव खोडलं तरी नाही. वय, लिंग, आजार एवढं वहीत उतरवा आणि स्वतःचा कागद बनवा.

आणि वाचताना एखादा शब्द लागलाच नाही, अक्षरच कळत नाही, तर अंदाजानं भरू नका. पेन्सिलनं गोल करा, बाजूला प्रश्नचिन्ह, आणि ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारा. सकाळची ओपीडी संपता संपता, दीडच्या सुमारास, गर्दी ओसरली की विचारलं तर बहुतेक डॉक्टर नीट सांगतात. त्या गोल केलेल्या शब्दांचं त्याच रात्री कार्ड बनवा, तारीख टाका, आणि आठ दिवसांनी तेवढीच कार्डं वेगळी काढून परत बघा.